वर्गातील ग्रंथालय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साधारण ५ ते १० वर्षे वयाच्या मुलांच्या वर्गात पुस्तकांचा कोपरा उभारू पाहणाऱ्या शिक्षकांना पडणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण त्या बाबतीत घाईने घेतलेला निर्णय पुढे वर्षभर निस्तरावा लागतो. काही प्रश्नांना मात्र दोन-चार वाक्ये पुरतात.

शाळेचे ग्रंथालय असताना वर्गात वेगळी पुस्तके कशासाठी ठेवायची?

शाळेच्या ग्रंथालयात पुस्तके अधिक असतात, विषयांची विविधता असते आणि ते सांभाळायला बहुधा स्वतंत्र व्यक्ती असते. त्याची जागा वर्गातील कोपरा घेऊ शकत नाही आणि त्याने ती घेऊही नये. परंतु लहान मुलाला पुस्तक उघडावेसे वाटते, ते ग्रंथालयाची तासिका पाहून नव्हे. गणिते इतरांच्या आधी सोडवून झाली, मधली सुट्टी संपायला थोडा अवकाश उरला, बाईंनी नुकत्याच वाचून दाखवलेल्या गोष्टीतले एखादे चित्र पुन्हा पाहावेसे वाटले, अशा पाच-दहा मिनिटांत पुस्तक हाताशी असेल तरच ते उघडले जाते. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये जी पाच सूत्रे मांडली, त्यांतले पहिलेच सूत्र पुस्तके वापरण्यासाठी असतात असे सांगते आणि चौथे वाचकाचा वेळ वाचवण्यास सांगते. ही दोन सूत्रे वर्गातील ग्रंथालयाला जितकी लागू पडतात तितकी क्वचितच दुसऱ्या कोणत्या ग्रंथालयाला पडत असतील. म्हणूनच ज्या कपाटाची किल्ली शिक्षकांच्या खणात असते, त्या कपाटात कितीही उत्तम पुस्तके असली तरी त्याला वर्गातील ग्रंथालय म्हणता येणार नाही.

किती पुस्तके असावीत?

इंटरनॅशनल रीडिंग असोसिएशन या वाचनशिक्षणातील संस्थेने (२०१५ पासून तिचे नाव इंटरनॅशनल लिटरसी असोसिएशन असे आहे) वर्गातील ग्रंथालयासाठी दर मुलामागे किमान ७ पुस्तके आणि दर वर्षी दर मुलामागे २ नवी पुस्तके अशी शिफारस केली होती. या हिशोबाने ३० मुलांच्या वर्गाला २१० पुस्तके लागतात आणि दर वर्षी ६० पुस्तकांची भर घालावी लागते. हा आकडा गाठण्याचे उद्दिष्ट म्हणून ठेवण्यास हरकत नाही, मात्र तो गाठेपर्यंत सुरुवातच न करणे शहाणपणाचे नाही. नीट पारखून घेतलेली ५०-६० पुस्तके जर रोज हाताळली जात असतील, तर कोणी न उघडलेल्या चारशे पुस्तकांपेक्षा ती अधिक काम करतात.

संख्येच्या बाबतीत दोन गोष्टी सहसा ध्यानात येत नाहीत. पहिली अशी की, काही पुस्तकांच्या दोन-तीन प्रती असणे हा अपव्यय नसतो. दोन मैत्रिणींना एकच पुस्तक शेजारी बसून एकाच वेळी वाचायचे असते आणि त्या वाचनातूनच बोलणे सुरू होते. दुसरी अशी की, असलेली सर्व पुस्तके एकाच वेळी मांडण्याची गरज नसते. साधारण निम्मी बाहेर ठेवून उरलेली बाजूला ठेवावीत आणि दर तीन-चार आठवड्यांनी त्यांतली काही अदलाबदल करावीत. मागच्या महिन्यात दुर्लक्षित राहिलेले पुस्तक नव्या जागी दिसले की मुले ते नवेच समजून उचलतात. मुलांचे आवडते पुस्तक मात्र केवळ पाळी आली म्हणून काढून घेऊ नये.

पुस्तके निवडताना काय पाहावे?

सर्वांत आधी पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून पाहावे. लहान मुलांच्या पुस्तकाची भाषा डोळ्यांपेक्षा कानाला लवकर कळते. वाक्य जिभेवर अडखळत असेल, बोलताना कोणी वापरणार नाही असे शब्द ओळीओळीला येत असतील, किंवा वाक्यरचना दुसऱ्या भाषेतून उचलून ठेवल्यासारखी असेल, तर चित्रे कितीही देखणी असली तरी ते पुस्तक बाजूला ठेवावे. त्यानंतर चित्रे पाहावीत. चांगल्या चित्रपुस्तकात चित्र मजकुराचीच पुनरुक्ती करत नाही, तर मजकुराने न सांगितलेले काहीतरी सांगते. मजकुरात फक्त ‘सगळे झोपले’ असे असावे आणि चित्रात पलंगाखाली दोन डोळे चमकत असावेत, म्हणजे मुले त्या पानावर थांबतात, एकमेकांना बोट दाखवतात आणि पुढचे पान उलटण्याआधी अंदाज बांधतात.

मग येतात छपाईच्या बाबी. अक्षर मोठे आणि सुटसुटीत असावे, आणि देवनागरी लिपीत तर दोन ओळींमधील अंतराकडे विशेष लक्ष द्यावे, कारण वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांना भिडल्या की नवशिक्या वाचकाची ओळ सुटते. गडद चित्रावर छापलेला मजकूर मोठ्यांना आकर्षक वाटतो, पण मुलांना तो वाचवत नाही. कागद इतका पातळ नसावा की मागच्या पानावरचे चित्र पुढे दिसेल. बांधणी तपासण्यासाठी पुस्तक मधोमध उघडून टेबलावर ठेवून पाहावे. ते सपाट उघडत नसेल आणि कण्याजवळ डिंकाचा करकर आवाज येत असेल, तर काही आठवड्यांतच त्याची पाने सुटू लागतील असे समजावे. कमी पानांच्या पुस्तकाला मधल्या घडीवर टाके किंवा पिना घातलेली साधी बांधणी अधिक टिकते. चित्रपुस्तके बहुधा ३२ पानांची असतात. छापील कागद घडी घातल्यावर १६ पानांच्या पटीत येतो म्हणून ही संख्या रूढ झाली, आणि सहा-सात वर्षांच्या मुलाच्या एका बैठकीलाही ती योग्य ठरते.

शेवटी संपूर्ण संग्रहाकडे एकत्रितपणे पाहावे. बालसाहित्याच्या अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये असे मांडले की पुस्तके मुलांसाठी कधी आरसा असतात, तर कधी खिडकी. आपल्यासारखे जगणे त्यांत दिसावे आणि आपल्याहून निराळे जगणेही दिसावे. वर्गातील प्रत्येक मुलाला आपल्या घरासारखे घर, आपल्यासारखी भाषा, आपल्यासारखा चेहरा कुठल्यातरी पुस्तकात सापडतो का, हे हजेरीपट पुढ्यात घेऊन एकदा तपासावे. ज्यांच्या घरी दुसरी भाषा बोलली जाते, त्या मुलांसाठी त्या भाषेतली थोडी तरी पुस्तके असावीत.

एक सूचना थोडी आग्रहाने करावीशी वाटते. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी उपदेश करणारी पुस्तके खरेदीच्या यादीत आपोआप घुसतात, कारण ती मोठ्यांना सुरक्षित वाटतात. अशी दोन-चार असण्यास हरकत नाही. परंतु संग्रहाचा मोठा भाग तोच असेल, तर मुले पुस्तकाकडे अभ्यासाच्या नजरेनेच पाहू लागतात.

ज्या वर्गातील मुलांना अजून वाचता येत नाही, तेथे पुस्तके ठेवून उपयोग काय?

वाचता येण्यापूर्वी मुलाला बरेच काही शिकायचे असते : पुस्तक सरळ कसे धरायचे, पाने कोणत्या बाजूने उलटायची, ओळ डावीकडून उजवीकडे जाते, छापलेल्या खुणांमध्ये बोलणे दडलेले असते आणि तीच खूण प्रत्येक वेळी तेच बोलते. हे सांगून समजत नाही, ते पुस्तके हाताळूनच समजते. या वयासाठी शब्दविरहित चित्रपुस्तके फार मोलाची आहेत, कारण त्यांत मुलाला चित्रांवरून स्वतःची गोष्ट रचावी लागते आणि ती चुकण्याची भीती नसते. एकच ओळ पुन्हा पुन्हा येणारी पुस्तके, बडबडगीते आणि संपूर्ण वर्गाला एकाच वेळी दिसतील अशी मोठ्या आकाराची पुस्तकेही असावीत.

पाठ झालेले पुस्तक हातात धरून मूल ‘वाचत’ असेल, तेव्हा ते खरे वाचत नाही म्हणून त्याला टोकू नये. बोट शब्दावर आणि बोलणे त्याच शब्दाचे, असा मेळ हळूहळू याच खेळातून बसतो. पुढे अक्षरओळख झाली की आधी जोडाक्षरे नसलेली आणि नंतर मोजकी जोडाक्षरे असलेली छोटी पुस्तके द्यावीत, मात्र संग्रह तेवढ्यापुरता मर्यादित ठेवू नये. अवघड पुस्तके शिक्षकांनी वाचून दाखवण्यासाठी लागतातच.

गोष्टींची पुस्तके किती आणि माहितीची किती?

शिक्षकांच्या आणि पालकांच्या निवडीत गोष्टींची पुस्तके नेहमीच जास्त भरतात, त्यामुळे माहितीपर पुस्तकांसाठी जाणूनबुजून जागा राखावी. संग्रहाचा एक तृतीयांश ते निम्मा भाग त्यांचा असावा असे आमचे मत आहे. अनेक मुले कथेपेक्षा किडे, यंत्रे, ग्रह, हाडांचे सांगाडे यांच्या पुस्तकांतून वाचनाकडे वळतात. अशी पुस्तके पहिल्या पानापासून वाचावी लागत नाहीत, कोठूनही उघडता येतात, आणि वाचनात मागे असलेल्या मुलाला चित्राखालच्या एका ओळीवरून वर्गाला ठाऊक नसलेली गोष्ट सांगण्याची संधी मिळते. याशिवाय कविता, कोडी, विनोद, चित्रकथा, जुनी बालमासिके, नकाशे आणि मुलांनी स्वतः तयार केलेली पुस्तके यांनाही जागा असावी. मुलांनी लिहून, चित्रे काढून आणि टाके घालून बांधलेले पुस्तक इतर पुस्तकांच्या रांगेतच ठेवावे, निराळ्या फळ्यावर टांगू नये.

पुस्तके देणगी म्हणून मिळत असतील तर घ्यावीत का?

घ्यावीत, परंतु निवडण्याचा अधिकार आपल्याकडे ठेवूनच. ‘सर्व पुस्तके उपयोगी पडतीलच असे नाही, उरलेली पुढे पाठवली जातील’ हे देणगीदाराला आधीच नम्रपणे सांगितलेले बरे. तसे सांगितले नाही, तर जुनी पाठ्यपुस्तके, स्पर्धापरीक्षांची मार्गदर्शके आणि मोठ्यांच्या कादंबऱ्या यांनी फळ्या भरतात आणि मुलांना हवे ते पुस्तक त्या गर्दीत सापडत नाही. देणगी मागताना ‘पुस्तके द्या’ असे मोघम आवाहन करण्यापेक्षा हव्या असलेल्या पुस्तकांची यादी दिल्यास काम अधिक नेमके होते.

पैशांची अडचण असेल, तर मुक्त परवान्याखालील पुस्तकांचा मार्ग उपलब्ध आहे. स्टोरीवीव्हर (२०१५ मध्ये सुरू झालेले) आणि आफ्रिकन स्टोरीबुक यांसारख्या संकेतस्थळांवर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली अनेक भाषांतील बालपुस्तके विनामूल्य मिळतात. मूळ लेखक-चित्रकारांचा उल्लेख कायम ठेवून परवान्याच्या अटींनुसार ती छापता येतात आणि भाषांतरितही करता येतात. छापताना दोन्ही बाजूंनी छापून मधल्या घडीवर टाके घातले आणि मुखपृष्ठाला जाड कागद वापरला, तर अशी प्रत वर्षभर सहज टिकते. हीच पुस्तके पडद्यावर मोठी करून सर्व वर्गाला एकत्र वाचून दाखवता येतात. मात्र लहान वयात मुलाच्या स्वतःच्या वाचनासाठी कागदी पुस्तकालाच प्राधान्य द्यावे, असे आम्हांला वाटते.

कोपऱ्याची मांडणी कशी करावी?

वर्गातील सर्वांत लहान मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून सुरुवात करावी. वरच्या फळीवरचे पुस्तक त्याला न मागता, स्टुलावर न चढता काढता आले पाहिजे आणि परत ठेवताही आले पाहिजे. उभी मांडणी असेल तर ती भिंतीला पक्की ठोकून घ्यावी, कारण लहान मुले फळीला धरून वर चढतात आणि भरलेले कपाट अंगावर येऊ शकते. शक्य तितकी पुस्तके मुखपृष्ठ समोर येईल अशी ठेवावीत. ज्या मुलाला कण्यावरचे उभे अक्षर वाचता येत नाही, त्याच्या दृष्टीने कणा बाहेर करून लावलेली तीस पुस्तके म्हणजे रंगीत पट्ट्यांची एक भिंत असते. सर्वांसाठी तेवढी जागा नसेल, तर उथळ टोपल्यांमध्ये किंवा खोक्यांमध्ये पुस्तके मुखपृष्ठे पुढे करून उभी ठेवावीत. मुले ती बोटांनी मागे-पुढे करत चाळतात. टोपलीत पंधरा-वीसपेक्षा अधिक पुस्तके कोंबली की ती निघेनाशी होतात आणि ओढताना कोपरे फाटतात.

जागा उजेडाची असावी, पण थेट उन्हाची नसावी, कारण उन्हाने रंग उडतात आणि कागद ठिसूळ होतो. सतरंजी आणि पाठ टेकायला भिंत एवढे असले तरी बसण्याची सोय पुरेशी होते. सजावटीवर वेळ आणि पैसा घालवण्याचा मोह टाळावा, असे सांगणे भाग आहे, कारण कागदी झाडे आणि ढग लावून झाल्यावर पुस्तकांसाठी काहीच न उरल्याची उदाहरणे कमी नाहीत.

पुस्तकांचे वर्गीकरण दशांश पद्धतीने करावे का?

शे-दोनशे पुस्तकांसाठी १८७६ मधील ड्यूई दशांश पद्धती, म्हणजे विषयांना क्रमांक देऊन पुस्तके लावण्याची मोठ्या ग्रंथालयांतील पद्धत, राबवण्याचे कारण नाही. ‘प्राणी’, ‘हसायला लावणाऱ्या गोष्टी’, ‘भीतीच्या गोष्टी’, ‘कसे चालते?’, ‘गाणी आणि कविता’ असे मुलांच्या बोलण्यातले आठ-दहा गट करावेत, प्रत्येक टोपलीवर एक चित्र लावावे आणि तीच खूण पुस्तकाच्या मुखपृष्ठाच्या एकाच ठरावीक कोपऱ्यात चिकटवावी. केवळ रंगांवर विसंबू नये, कारण लाल आणि हिरवा यांतला फरक न कळणारे एखादे मूल वर्गात असू शकते. रंगासोबत आकार किंवा चित्र द्यावे. गट पाडण्याचे काम शक्य असल्यास मुलांकडूनच करून घ्यावे. हे पुस्तक ‘प्राणी’मध्ये ठेवायचे की ‘हसायला लावणाऱ्या गोष्टीं’मध्ये, यावर होणारा वाद हा वाचनाचाच भाग आहे आणि त्या वादासाठी मुलांना पुस्तक उघडून पाहावेच लागते.

पुस्तकांवर वाचनपातळीची खूण लावावी का?

पातळीची कल्पना शिक्षकांसाठी उपयुक्त आहे. मार्गदर्शित वाचनासाठी लहान गट बनवताना कोणते पुस्तक कोणाला झेपेल हे ठरवावे लागते, आणि त्यासाठीच वाचनशिक्षणाच्या अभ्यासक फाउंटस आणि पिनेल यांच्या ए ते झेड या श्रेणीसारख्या पद्धती तयार झाल्या. परंतु तीच खूण मुलांच्या डोळ्यांसमोर मुखपृष्ठावर आली की तिचा अर्थ बदलतो. मुले पुस्तकाऐवजी खूण निवडतात, खालच्या खुणेचे पुस्तक हातात दिसू नये म्हणून लपवतात आणि वरच्या खुणेचे न कळणारे पुस्तक मिरवतात. अमेरिकन असोसिएशन ऑफ स्कूल लायब्रेरियन्स या संस्थेने २०११ मध्ये ग्रंथालयातील पुस्तकांवर अशा पातळ्या चिकटवण्याच्या विरोधात भूमिका घेतली, आणि फाउंटस व पिनेल यांनीही पातळी हे शिक्षकांचे साधन आहे, मुलाची ओळख नव्हे, असे वेळोवेळी स्पष्ट केले आहे. पातळी लिहायचीच असेल तर ती दाखल नोंदवहीत लिहावी.

मुलांना स्वतः पारख करता यावी म्हणून पाच बोटांची युक्ती शिकवता येते. पुस्तकाचे मधले कोणतेही पान वाचायला घ्यायचे आणि न येणाऱ्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचे. एकही बोट दुमडले नाही तर पुस्तक सोपे, दोन-तीन दुमडली तर योग्य, आणि पाचही दुमडली तर सध्या कोणाच्यातरी मदतीने वाचण्याजोगे. ही ढोबळ मोजपट्टी आहे. जहाजांचे वेड असलेले मूल पाचही बोटे दुमडून पुन्हा जहाजाचेच पुस्तक घेऊन बसते आणि त्याला ते घेऊ द्यावे.

नोंदी कशा ठेवाव्यात?

शिक्षकांसाठी एक दाखल नोंदवही असावी आणि तीत दाखल क्रमांक, पुस्तकाचे नाव, लेखक, मिळाल्याची तारीख आणि शेरा एवढे रकाने पुरेसे आहेत. देवघेवीची नोंद मात्र मुलांनीच करावी. प्रत्येक मुलाच्या नावाचे एक कार्ड तयार करावे, मुलाने पुस्तकाचा क्रमांक आणि तारीख त्यावर लिहावी आणि कार्ड ‘बाहेर’ असे लिहिलेल्या खोक्यात टाकावे. पुस्तक परत आले की कार्ड आपल्या जागी जाते. आठवड्याला दोन मुलांकडे ग्रंथपालाचे काम सोपवल्यास शिक्षकांचा वेळ वाचतो. परतीच्या पुस्तकांसाठी एक वेगळी टोपली ठेवावी, म्हणजे पुस्तके घाईत चुकीच्या गटात घुसत नाहीत.

मुलांना पुस्तके घरी नेऊ द्यावीत का? हरवली तर?

अवश्य नेऊ द्यावीत. ज्या घरात दुसरे एकही पुस्तक नाही, तेथे वर्गातले पुस्तक गेले की ते भावंडे पाहतात, आजी-आजोबा पाहतात, आणि वाचता न येणारे मोठे माणूसही चित्रांवरून मुलाशी बोलू शकते. नेण्या-आणण्यासाठी कापडी पिशवी किंवा जाड पाकीट दिल्यास दप्तरातील पाण्याच्या बाटलीपासून बचाव होतो.

काही पुस्तके हरवतील, काही भिजतील, काहींवर धाकट्या भावाची चित्रकला होईल. ही गळती गृहीत धरूनच वर्षाचा हिशोब मांडावा. हरवलेल्या पुस्तकाबद्दल दंड आकारू नये आणि ते परत येईपर्यंत दुसरे न देण्याची शिक्षाही करू नये. असा नियम सर्वाधिक अशा मुलांना भोवतो, ज्यांना पुस्तकाची गरज इतरांहून जास्त असते, आणि त्यांचे पालक ‘नकोच ते पुस्तक घरी’ असे म्हणू लागतात. मुलाशी एकांतात शांतपणे बोलणे आणि घरी एकत्र शोधण्यास सांगणे एवढे पुरते.

फाटलेली पाने कशी दुरुस्त करावीत?

आधी एक निषेध : साधी पारदर्शक चिकटपट्टी लावू नये. काही महिन्यांत तिचा गोंद पिवळा पडतो, कडांतून बाहेर येतो, समोरच्या पानाला चिकटतो आणि पट्टी सुटली तरी तपकिरी डाग मागे राहतो.

फाटलेल्या पानाची कड नीट पाहिली तर ती सरळ कापलेली नसून तिरपी असते आणि एका बाजूने पांढरे तंतू बाहेर आलेले दिसतात. पानाखाली बटर पेपर सरकवावा, दोन्ही कडा मूळच्या क्रमाने एकमेकींवर बसवून पाहाव्यात आणि मग त्या तंतूंवर बारीक कुंचल्याने पातळ खळ लावावी. खळ इतकी कमी असावी की कागद ओला न दिसता नुसता चमकावा. कडा जुळवून वरून बोटाने दाबत आणावे, गरज वाटल्यास पातळ पण चिवट टिश्यू कागदाची अरुंद पट्टी त्यावर बसवावी, वर दुसरा बटर पेपर ठेवून पुस्तक मिटावे आणि रात्रभर वजनाखाली ठेवावे. टिश्यूची पट्टी कात्रीने न कापता हाताने फाडून घ्यावी, म्हणजे तिच्या तंतुमय कडा पानात मिसळून जातात आणि तिचा काठ बोटाला लागत नाही. सुटलेल्या पानाला कण्याकडच्या कडेवर बांधणीचा पांढरा गोंद अगदी बारीक रेघेने लावून आत बसवावे. सात-आठ वर्षांची मुले शिक्षकांच्या देखरेखीखाली हे काम मन लावून करतात, आणि पुस्तकांचा दवाखाना भरवलेल्या वर्गात पाने फाटण्याचे प्रमाण आपसूकच घटते असा अनेकांचा अनुभव आहे.

ओल आणि कीड यांचा बंदोबस्त कसा करावा?

कसर आणि पुस्तकातल्या बारीक उवा यांना ओल, अंधार आणि खळ आवडते. म्हणून हवा खेळती ठेवणे, फळी भिंतीपासून थोडी दूर ठेवणे आणि पुस्तके वरचेवर हाताळली जाणे हाच मुख्य उपाय आहे. कीड लागलेली मोजकी पुस्तके प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड अशा फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवता येतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर कागदावर दव धरते. मुलांच्या खोलीत डांबरगोळ्या ठेवू नयेत, कारण त्यांची वाफ श्वासात जाणे हानिकारक असते आणि लहान मुले त्या गोळ्या तोंडात घालण्याचा धोका असतो. भिजलेले पुस्तक पहिल्या दोन दिवसांत वाळवले नाही तर बुरशी धरते. ते पंख्याखाली पाने पसरून उभे करावे आणि पानांमध्ये टीपकागद घालून तो बदलत राहावे.

वाचलेल्या पुस्तकांच्या संख्येवर बक्षीस द्यावे का?

देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतील काही मुलांना चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगण्यात आले होते. पुढे कोणतेही आमिष नसताना ही मुले इतरांच्या तुलनेत कमी वेळ चित्रे काढू लागली. न सांगता अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांमध्ये तशी घट दिसली नाही. वाचनाच्या बाबतीत संख्येवरील बक्षिसाचा परिणाम कोणाही शिक्षकाला ओळखता येईल : मुले सर्वांत पातळ पुस्तके निवडतात, पाने उलटतात आणि यादी भरतात. बक्षीस द्यायचेच असेल तर ते पुस्तकच असावे, किंवा पुढचे पुस्तक वर्गाला वाचून दाखवण्याचा मान असावा.

वेळापत्रकात यासाठी वेळ कोठून काढायचा?

हा खरा कळीचा प्रश्न आहे, कारण पुस्तके असूनही ती वाचली न जाण्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. रोज १५ ते २० मिनिटे मुलांनी स्वतः निवडलेले वाचावे आणि रोज १० मिनिटे शिक्षकांनी मोठ्याने वाचून दाखवावे, एवढे तरी राखीव ठेवावे. पहिलीसारख्या वर्गात स्वतंत्र वाचन पाच मिनिटांपासून सुरू करून वाढवत न्यावे. हा वेळ ‘काम आटोपलेल्यांसाठी’ ठेवला तर संथ मुलांच्या वाट्याला तो कधीच येत नाही, म्हणून तो सर्वांचा असावा आणि शक्यतो रोज त्याच वेळी असावा. शिक्षकांनी वाचून दाखवलेले पुस्तक त्याच दिवशी कोपऱ्यात ठेवावे, त्याला लगेच मागणी येते. मुले वाचत असताना शिक्षकांनी वह्या तपासू नयेत. एकेका मुलाजवळ बसून ‘हेच का निवडलेस?’, ‘पुढे काय होईल असे वाटते?’ असे एक-दोन प्रश्न विचारावेत. प्रत्येक पुस्तकानंतर सारांश लिहायला लावण्याची प्रथा असेल तर ती बंद करावी.

मूल तेच ते पुस्तक पुन्हा पुन्हा घेते किंवा फक्त चित्रकथाच वाचते. काय करावे?

वाचू द्यावे. ओळखीचे पुस्तक पुन्हा वाचताना अक्षरे जुळवण्याचे श्रम कमी होतात, वाचनाला ओघ येतो आणि पहिल्या खेपेस निसटलेल्या गोष्टी लक्षात येतात. चित्रकथेत तर चौकटींचा क्रम, चेहऱ्यावरील भाव आणि संवाद यांचा मेळ घालून अर्थ लावावा लागतो, तेव्हा ते सोपे वाचन आहे हा समजच चुकीचा आहे. त्याच विषयावरचे दुसरे पुस्तक सहज शेजारी ठेवून पाहावे, आग्रह करू नये.

दृष्टिदोष किंवा वाचनाची अडचण असलेल्या मुलांसाठी काय सोय करावी?

मोठ्या अक्षरांतील पुस्तके, स्पर्शाने कळणारी चित्रे असलेली पुस्तके, ब्रेल पट्ट्या चिकटवलेली सामान्य पुस्तके आणि ध्वनिमुद्रित पुस्तके यांचा संग्रहात समावेश करावा आणि ती वेगळ्या कपाटात न ठेवता इतरांबरोबरच ठेवावीत. २०१३ च्या माराकेश करारामुळे तो स्वीकारलेल्या देशांत छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या व्यक्तींसाठी पुस्तके सुलभ स्वरूपात आणणे कायद्याच्या दृष्टीने सोपे झाले आहे. वर्गातल्या वर्गात करण्याजोगी गोष्ट म्हणजे मोठ्या मुलांनी पुस्तके मोठ्याने वाचून त्यांचे ध्वनिमुद्रण करणे.

जुनी पुस्तके केव्हा बाद करावीत?

वर्षातून एकदा, शक्यतो मोठ्या सुट्टीपूर्वी, प्रत्येक पुस्तक हातात घेऊन तपासावे. माहिती चुकीची ठरली असेल तर पुस्तक चांगल्या स्थितीत असले तरी ते काढावे. उदाहरणार्थ, आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २००६ मध्ये प्लूटोला बटुग्रह ठरवले, तरी सूर्यमालेत नऊ ग्रह सांगणारी पुस्तके अजूनही फळ्यांवर सापडतात. वरच्या वर्गातील मुलांना असे एखादे पुस्तक नव्या पुस्तकाशी ताडून पाहण्यासाठी देता येईल, लहानांच्या कोपऱ्यात मात्र ते नको. एखाद्या समाजाची किंवा अपंग व्यक्तीची टिंगल करणारी पुस्तके, पाने गहाळ झालेली पुस्तके, बुरशी लागलेली पुस्तके आणि दोन वर्षांत ठळक जागी ठेवूनही कोणी न उघडलेली पुस्तके काढून टाकावीत. झिजलेले पण अजूनही मागितले जाणारे पुस्तक बाद करताना त्याचीच नवी प्रत खरेदीच्या यादीत सर्वांत वर लिहावी.

काढलेल्या पुस्तकांतील चांगली चित्रे कापून भिंतीवरील शब्दपट्ट्यांसाठी किंवा गोष्ट रचण्याच्या खेळासाठी वापरता येतात. चुकीची माहिती देणारी किंवा बुरशी लागलेली पुस्तके मात्र दुसऱ्या शाळेला देणगी म्हणून देऊ नयेत. बाद केलेल्या प्रत्येक पुस्तकापुढे दाखल नोंदवहीत तारीख आणि कारण लिहावे, आणि त्याचा क्रमांक नव्या पुस्तकाला देऊ नये.